घोटा वाकतो की नाही

मी काय काम करते हे आमच्या उचगावातल्या गल्लीत कुणालाच धड कळलेलं नाही, आणि मीही आता सांगायचं सोडून दिलंय. सुरुवातीला हौसेनं सांगायची. कॉम्प्युटरवर आभासी जगं असतात, देशोदेशीची माणसं तिथं आपापला एक पुतळा करून हिंडतात, गप्पा मारतात, घरं बांधतात, नाचतात. त्या पुतळ्याला अवतार म्हणायचं. त्याला कपडे लागतात, दागिने लागतात, पायताणं लागतात. ते मी तयार करते आणि विकते. समोरच्या काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे भावल्यांची कापडं शिवतीस की!" मी म्हटलं, "व्हय काकू, तसंच." तर लगेच पुढचा प्रश्न, "मग लगीन कवा करणार?" आता ह्याला काय म्हणावं!

कापड मात्र ह्यात नसतंच. असते ती जाळी. बारीक बारीक ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, त्यांनाच मेश म्हणतात. ती ओढून, ताणून, चिमटून तिचा पदर करायचा, निऱ्या करायच्या, काष्टा करायचा. माझी नऊवारी चांगली खपते. पण त्या काष्ट्यानं माझा किती जीव खाल्ला हे माझं मला माहीत. अवतार उभा असला की झकास दिसायचा आणि खाली बसला की साडी मांडीच्या आत घुसायची. शिव्या घालत घालत मी तो काष्टा नीट केला.

आणि नुसता आकार करून भागत नाही. अवताराच्या आत हाडं असतात. जाळीचा कुठला भाग कुठल्या हाडामागं किती जाणार, ते रंगवून सांगावं लागतं. लाल रंग म्हणजे हाड जाईल तिकडं पुरतं जायचं, निळा म्हणजे जागचं हलायचं नाही. ह्या कामात आम्हा सगळ्यांची एक सवय असते. एकच बाजू जीव लावून करायची आणि दुसरीवर ती उलटून टाकायची. उजवा पाय केला की डावा फुकटात मिळतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की असं काही आपण करतोय हेसुद्धा ध्यानात येत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, जन्मभर टेम्पो चालवत होते. कोल्हापूरहून माल भरायचा, गारगोटीला उतरवायचा, येताना तिकडचा माल आणायचा. माणूस मोठ्या आवाजाचा. फोनवर बोलायला लागले की आई म्हणायची, "अवो, फोन कशाला लावलाय, असंच वरडा की, ऐकू जाईल गारगोटीला." मग शुगर झाली. पायाला जखम झाली, ती त्यांनी अंगावर काढली आणि शेवटी डावा पाय गुडघ्याच्या खालनं कापावा लागला. टेम्पो विकला. एका शिबिरात नकली पाय बसवून मिळाला. तो घालून ते घरात थोडं चालायचे, वॉकर धरून. एकदा मला बघायला पावणे आले होते. आबा त्यांच्यासमोर ऐटीत उठले आणि सोफ्याच्या कडेला अडखळून पालथे पडले. पावण्यांनी धरून उठवलं, "असू दे, असू दे" म्हणाले, आणि त्या असू दे-असू देनंच घात केला. त्या दिवशी आबांनी पाय काढला तो कपाटामागं गेला. तिथून पुढं ते आणि त्यांची कॉट. आवाजसुद्धा बसला. जेवायला काय करू विचारलं तर "काय बी कर." आबांच्या तोंडून "काय बी कर"! अहो, हा माणूस पांढऱ्या रश्श्यात मीठ कमी पडलं तर ताटावरनं उठणारा.

डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पाय वापरला नाही तर गुडघा आखडेल, उरलेली पोटरी वाळेल, आणि मग पुढं कधी मनात आलं तरी उभं राहता येणार नाही. आत्ताच काय ते करा. आता आत्ताच म्हणजे काय करा? आई हात जोडायची. मी तोंडाची फटकळ, मी भांडायची. "असंच पडून ऱ्हायचं हाय का तुमाला?" असं मी एकदा ओरडले, तर म्हणाले, "व्हय." आणि भिंतीकडं तोंड केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्यावर राग काढला. मला राग येतो तेव्हा बहुतेक मी घाबरलेली असते, हे आईला माहीत आहे.

अशातच एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. कुठल्यातरी थंड देशातली बाई. माझी नऊवारी तिनं घेतली होती आणि ती तिला फार आवडली होती. पण तिनं लिहिलं होतं की ह्या साडीत पोटरी उघडी राहते, आणि ती पोटरी माझी नाही. माझा एक पाय गुडघ्याखाली नकली आहे. बाजारात जे नकली पाय मिळतात ते सगळे यंत्रमानवाचे, चकाकणारे, दिवे लागणारे. मला साधा पाय पाहिजे, चारचौघांना बसवतात तसा. तू करशील का?

मी तो निरोप वाचला आणि कपाटाकडं बघितलं. खरं सांगते, त्या क्षणाला माझ्या डोक्यात आबांना उठवायचं वगैरे काही नव्हतं. मला नमुना पाहिजे होता आणि नमुना घरात होता, बस्स.

"आबा, तुमचा पाय पायजे होता जरा."

आबांनी मान वळवली. "कशाला?"

मी सांगितलं. सांगताना मलाच कसंतरी वाटत होतं. मला वाटलं आता भडका उडणार. पण ते एवढंच म्हणाले, "घे. न्हायतर भंगारातच द्यायचा हाय."

आईनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी कपाटामागनं पाय काढला, धूळ पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवला. वर उरलेला पाय बसवायची वाटी, मध्ये नळी, खाली रबराचं पाऊल. चारी बाजूंनी फोटो काढले, टेपनं मापं घेतली आणि कामाला लागले. माझं टेबल आबांच्या कॉटसमोरच आहे. आमच्या घरात दुसरीकडं जागाच नाही. त्यामुळं आबांना इच्छा असो नसो, स्क्रीन दिसायचीच. पहिले काही दिवस ते बघत नसल्याचं सोंग करायचे. मग एकदा मागनं आवाज आला, "ती वाटी लई मोठी केलीयास." मी मागं न बघता वाटी बारीक केली. मला बोलायची भीती वाटत होती. बोललं तर परत भिंतीकडं वळतील.

जाळी झाली, रंगरंगोटी झाली. साडी नेसवली, पाय जोडला आणि अवताराला चालवलं. बाई चालायला लागली. ठसक्यात, कंबर हलवत, एक पाय खरा, एक नकली. मी मनात म्हटलं, वा गं माझी बाई!

तेवढ्यात मागनं फस्सकन आवाज आला. बघते तर आबा हसत होते. उशीला टेकून, पोट धरून. हे हसणं घरात कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. आई भांडं तसंच टाकून दारात आली.

"काय झालं?"

"अगं, त्यो पाय बघ की! कसा लुळलुळ वाकतोय घोट्यात. नकली हाय का रबडी हाय त्यो?"

मी नीट बघितलं आणि डोक्याला हात लावला. सवय! चालताना जिवंत घोटा जसा वाकतो, तसाच तो नकली घोटा वाकत होता. उजव्या पायाचे रंग मी नेहमीसारखे डावीकडं उलटून टाकले होते. नळीला घोटा कुठला असणार? पण आबा हसले ते मला लागलं. चूक माझी होती आणि ती कबूल करायची माझी तयारी नव्हती. आमच्या घराण्यात ती कुणाचीच नसते.

"थोडा तर वाकतच असंल की," मी म्हटलं.

"ढिम्म वाकत न्हाय."

"एवढं रबर हाय खाली, ते काय शोभेला लावलंय? दाबलं की वाकणारच."

"तुला काय कळतंय? पाय कुणाचा हाय?"

"तुमचा हाय, पर तुमी कुठं घालताय? कपाटाला इचारू का मग?"

हे माझ्या तोंडातनं निसटलं. आई माझ्याकडं असं बघत होती की आता ही मला हाणणार. आबांचा चेहरा लाल झाला. टेम्पोच्या आडवं कुणी मोटारसायकल घातली की व्हायचा तसा. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं.

"आण त्यो पाय हिकडं. वाकतोय म्हणं! दाखवतो तुला."

मी पाय दिला. त्यांनी मोजा चढवला, वाटीत पाय घातला. वाटी सैल झाली होती, पोटरी खरंच वाळली होती. उशीर झाला की काय? आई पळत जाऊन आणखी एक मोजा घेऊन आली. तो वरनं चढवला, पट्टा आवळला. वॉकर पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग उठताना तोल गेला आणि गपचूप वॉकर धरला. एक पाऊल टाकलं. थांबले. श्वास घेतला. दुसरं टाकलं.

"बघ. वाकला का?"

मी फरशीवर पालथी पडून, गाल जमिनीला लावून बघत होते. घोटा वाकत नव्हता, हे खरं. पण पाऊल उचलताना चवड्याचं रबर दबत होतं, हेही खरं.

"घोटा न्हाय, पर चवडा वाकतोय."

"कुठं वाकतोय? डोळं तपासून घे."

"परत टाका पाऊल. हां, हे बघा, वाकला!"

आबांनी स्वतः खाली बघितलं. दोनदा पाऊल टाकून बघितलं. "ही फरशी गुळगुळीत हाय," ते म्हणाले, "इथं काय कळत न्हाय. रस्त्यावर बघूया."

रस्त्यावर! मी आईकडं बघितलं. तिनं जाऊन दार सताड उघडलं. पायरी उतरताना आबांनी एका हातानं माझा खांदा इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला होता. आईनं वॉकर खाली आणून दिला, तो त्यांनी धरला, आणि मी मोबाईल काढला. पाऊल नीट दिसावं म्हणून पुढं जाऊन वाकून उभी राहिले आणि व्हिडिओ सुरू केला. आबा चालत आले. घरापासून समोरच्या काकूंच्या दारापर्यंत. घाम आला होता, दात आवळलेले होते. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, दाजी, कुठं निघालासा?" आणि आबा, एवढे दिवस ज्यांचा आवाज कॉटच्या बाहेर गेला नव्हता ते आबा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काय न्हाय वो, पोरीला चालून दावतोय! तिला कळंना झालंय!"

घरी आलो. आबा कॉटवर टेकले, पाय दुखत होता, वाटीच्या कडेला लाल झालं होतं. आई तिथं तेल लावत बसली. मी टेबलावर व्हिडिओ लावला. चवडा बघायचा होता, किती वाकतो, कधी वाकतो. त्या बाईचं काम थांबलं होतं.

व्हिडिओत चवडा नव्हता. सुरुवातीला जरासा रस्ता होता, काकूंच्या दारातली रांगोळी होती, आणि मग सगळीकडं आबांचं तोंड. आवळलेले दात, घाम, काकूंकडं बघून ओरडतानाचं तोंड, परत फिरतानाचं तोंड. पाऊल बघायला म्हणून धरलेला मोबाईल माझ्या हातानं कधी वर उचलला होता, मला पत्ताच नव्हता. कामाला ह्यातलं काही म्हणजे काही उपयोगाचं नव्हतं. मी परत पहिल्यापासून लावला आणि परत बघितला, आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं.

"काय झालं आता?" आबा कॉटवरनं म्हणाले.

"पाय आलाच न्हाय ह्यात," मी नाक पुसत म्हटलं. "नुसतं तुमचं तोंड आलंय."

आबांनी मान उंचावून स्क्रीनकडं बघितलं. आईचा हात गुडघ्यावरनं फिरत होता.

"त्यात रडायसारखं काय हाय?" ते म्हणाले. "उद्या परत काढ. कोपऱ्यापतोर जाऊया. तिथं उतार हाय, उतारावर ह्यो पाय काय करतोय ते बी बघाय पायजे की."