वायरताईची करडी पेटी

गाद्यांच्या कारखान्यात तिला सगळे वायरताई म्हणत. आली होती टेलिफोनवर बसायला. पण एक दिवस टेबलाखाली वाकून तिने सुटलेली वायर जोडली, आणि तेव्हापासून कुणाचा कॉम्प्युटर रुसला की हाक तिलाच. पुढे संध्याकाळचे वर्ग करून ती नेटवर्कची रीतसर प्रमुख झाली. हाताखाली मात्र कुणीच नव्हते, त्यामुळे हुकूम सोडायचा तिने आणि झेलायचाही तिनेच.

मागच्या वर्षी एका खोट्या बिलाच्या मेलने माल पाठवणाऱ्या विभागाचे सगळे कॉम्प्युटर बंद पाडले. गाद्या छतापर्यंत साचल्या आणि वायरताईची झोप उडाली. तेव्हापासून तिने एका ठरावीक फायरवॉलचा ध्यास घेतला होता. बाहेरून येणारे सगळे तपासून मगच आत सोडणारी ती करडी, चपटी पेटी. मोठ्या साहेबांनी तिचा प्रस्ताव दोनदा परत पाठवला होता. आता खरेदीची वर्षातली शेवटची बैठक उरली होती. पुन्हा गाद्या साचल्या तर बोल तिलाच लागणार होता.

आदल्या संध्याकाळी तिने सासऱ्यांसमोर भाषणाची तालीम केली. दुसऱ्याच वाक्याला त्यांची मान छातीवर आली.

"बाबा!"

"ऐकतोय गं. डोळे मिटले की मला नीट ऐकू येतं. पण साहेबांच्या डोक्यात शिरेल असं काहीतरी सांग. फाटकावरचा वॉचमन घे उदाहरणाला."

सकाळी स्कूटर लावता लावता तिने ते उदाहरण हिशेबनिसांवर वापरून पाहिले. "आपला आत्ताचा फायरवॉल म्हणजे आपले वॉचमनकाका. ओळखीचा चेहरा दिसला की सोडला आत. पिशवीत काय आहे, बघायचं नावच नाही!"

काका मागेच उभे होते. "अस्सं!" एवढेच म्हणाले आणि त्यांनी टोपी नीट केली.

बैठकीची वेळ टळून गेली तरी साहेबांचा पत्ता नव्हता. शेवटी आले ते लालबुंद होऊन.

"माझ्याच फाटकावर मला डबा उघडून दाखवायला लावला! म्हणे, वायरताईंचं म्हणणं आहे, पिशव्या बघायला हव्यात. तुमची पेटी असंच करणार असेल तर मला ती फुकटसुद्धा नको!"

वायरताई माफी मागायला उठली. हिशेबनिसांनी तेवढ्यात घोडे पुढे दामटले. "म्हणूनच मी म्हणत होतो, तो दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला फायरवॉल घेऊ."

"साहेब, तो स्वस्तातला म्हणजेच आजचं फाटक," ती एकदम म्हणाली. "तोही सगळं तपासतो, पण एकेकाला ताटकळत ठेवून. ऑर्डरी अडकतील, तुम्ही वैतागाल, आणि मलाच सांगाल, बंद करा ती तपासणी. मग खोटं बिल पुन्हा आत! ही पेटी पिशवीही उघडते आणि रांगही लागू देत नाही. मागच्या महिन्यात ती बनवणाऱ्या कंपनीने ती आपल्याला वापरून बघायला दिली होती. सगळी तपासणी चालू ठेवली होती मी."

"मागच्या महिन्यात? मला तर काहीच जाणवलं नाही!"

"तेच सांगतेय, साहेब. परवानगीवर सही तुमचीच आहे."

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिले. शिवणखात्याचे मुख्य आपल्या पिशवीतला मोज्यांचा जोड काकांना उलटा करून दाखवत होते. त्यांच्यामागे रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती.

"घ्या ती पेटी," साहेब सही करत म्हणाले. "पण आधी खाली जाऊन ती रांग मोडा."

वायरताई धावतच फाटकावर गेली. "काका, चुकलं माझं. ते नुसतं उदाहरण होतं हो."

"उदाहरणाला समोरच्या कारखान्याचा वॉचमन नव्हता?"

"त्याला मी ओळखत नाही."

"मला ओळखता ना? मग!" काकांच्या मिशा थरथरल्या, रागाने की हसू दाबल्याने, ते तिला कळेना. पण त्यांनी फाटक सताड उघडले.

पेटी आली त्या दिवशी काकांनी ती फाटकावर उघडायला लावली. उलटीपालटी करून पाहिली, मागच्या भोकांना डोळा लावला.

"ही सगळ्यांच्या पिशव्या बघणार?"

"हो, काका."

"बरं." त्यांनी पेटी बगलेत मारली आणि स्वतःच जिना चढू लागले. बाहेरून आलेल्या कुणालाही एकटे आत सोडायचे नाही, असा त्यांनी आता नियम केला होता.