तेवाता मावशीचा उजवा पाय

रेरेयाने पहिली फिल्म केली ती सगळ्या गावाला आवडली, आणि तिथेच ती फसली हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या अबाइआंग बेटावर पाहुण्याचं मन मोडायची पद्धत नाही. फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात दोन वर्षं पोषणशास्त्र शिकून आलेली गावचीच पोरगी मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छताखाली, टीव्ही लावून तांदूळ, मैदा, साखर आणि डब्यातल्या मांसाने आपल्या बेटांचं काय वाटोळं केलं ते सांगत होती. लोकांनी मांडी घालून शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि मग पाहुणचार म्हणून तिच्यापुढे भात, डब्यातलं मांस आणि चार चमचे साखरेचा चहा ठेवला. तिने तो प्यायला. नाही म्हणायची हिंमत तिच्यातही नव्हती.

ही फिल्म जिच्यासाठी केली ती पहिल्याच चटईवर बसली होती. तेवाता मावशी. रेरेया चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून याच मावशीने तिला खोबरं वाळवून, चटया विणून वाढवलं. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने मावशीचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता. आता उजव्या टाचेला नाण्याएवढी जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. बेटावरची नर्स एरिता स्पष्टच म्हणाली होती की साखर अशीच राहिली तर हाही पाय जाईल. रेरेयाने पदवीसाठी फिल्मचा विषय निवडला तो त्या टाचेकडे बघून. विद्यापीठाला दिलेल्या प्रस्तावात मात्र तिने कारण वेगळं लिहिलं होतं, लांबलचक आणि संदर्भांसकट.

फिल्म बघून मार्गदर्शक मेरेसेइनी मॅडमचा सुवाहून फोन आला.

"तक्ते छान आहेत," त्या म्हणाल्या. "गोष्ट कुठाय?"

"गोष्टच आहे ना मॅडम ती."

"ते भाषण आहे. ज्याचं दुखतं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि तू फक्त फोन धरायचा, एवढंच शिकवलं होतं मी तुला वर्षभर. सहा आठवडे देते. मावशीला बोलू दे."

मावशी बोलायला तयार नव्हती. रेरेयाने स्टँड लावला, माइक लावला, उजेड कुठून येतोय ते पाहिलं. मावशी दहा मिनिटं समुद्राकडे बघत बसली आणि म्हणाली, "मी मेलेय का अजून, माझे फोटो काढतेस ते?"

"मावशी, तुझ्याच भल्यासाठी चाललंय."

"माझं भलं राहू दे. तू गावाची अब्रू घालवलीस. सिनेमात म्हणालीस, जुनं अन्न गावात उरलंच नाही म्हणून."

"नाहीच उरलं. चाळीस घरं फिरले मी. प्रत्येक घराचा तक्ता भरलाय."

"आणि वही घेऊन दारात आलेल्या पोरीला कोण सांगेल गं, की माझ्याकडे बाबाईचे कंद आहेत म्हणून? तू लगेच मागितलेस तर?"

अख्खं पुस्तक वाचून झालं होतं रेरेयाचं, प्रश्नावली कशी करावी या विषयावर. आणि आमच्याकडचं शेंबडं पोर जे जाणतं ते ती विसरली होती. आमच्यात नातलगाने 'बुबुसी' म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. सायकल असो, होडी असो, अंगातला शर्ट असो, काढून द्यायचा. दिलेलं परत मागायचं नाही. नाकारणारा माणूस गावात राहतो, पण कुणाचा राहत नाही. म्हणूनच घरात काय आहे हे कुणी मोठ्याने सांगत नाही, आणि गावात अर्धी माणसं एकमेकांची नातलगच आहेत.

"बघायचंय तुला?" मावशीने हात पुढे केला. "रेरेया, बुबुसी. तो फोन मला दे."

त्या फोनवर रेरेयाचा अभ्यास होता, पदवी होती, सहा आठवडे होते. तिने फोन दिला. मावशीने बोट दाखवलं तसा स्टँडही दिला आणि माइकही.

दुसऱ्या दिवशी तिने नर्स एरिताच्या फोनवरून सुवाला कळवलं. "मॅडम, फोन गेला."

"चोरीला?"

"मावशीने मागितला."

मॅडम हसायला लागल्या. त्या फिजीच्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "आमच्याकडे केरेकेरे म्हणतात. माझा धाकटा भाऊ असाच माझी गाडी घेऊन गेलाय, सहा वर्षं झाली. बरं, मावशी करतेय काय त्या फोनचं?"

"माहीत नाही."

"मग इथे फोन कशाला करतेस? तिच्याकडे जा."

मावशी खोबरं वाहायच्या हातगाडीत चटई टाकून, डोक्यावर फुलांचा मुकुट चढवून तयार बसली होती. "ढकल," ती म्हणाली. मास्टर्सची विद्यार्थिनी हातगाडी ढकलू लागली.

पहिलं घर शेजारच्या म्वेराचं. म्वेराच्या बाबाईच्या खड्ड्यावर अख्ख्या गावाचा डोळा. अळवासारखी, माणसाच्या डोक्याहून उंच पानं, आणि खाली चिखलात मांडीएवढे कंद. ते तिने मुलीच्या लग्नासाठी राखलेले. रेरेयाच्या तक्त्यात मात्र म्वेराच्या घरापुढे 'भात, नूडल्स' असं लिहिलेलं होतं.

मावशीने फोन तिच्या तोंडासमोर धरला. "म्वेरा, बुबुसी. तुझ्या आईने तुला लहानपणी जे भरवलं, ते एका वेळचं जेवण मला दे."

म्वेराने एकदा फोनकडे बघितलं, एकदा रेरेयाकडे. "म्हातारे, तुला दुसरं घर मिळालं नाही?"

"पुढे जाणारच आहे. आधी तुझं."

म्वेरा कमरेएवढ्या चिखलात उतरली. उपसताना ती सारखी बोलत होती, म्हणजे आधी मावशीला शिव्या देत होती, मग बाबाई कशी लावायची ते सांगायला लागली, मग तिच्या आईची आठवण निघाली. आई कंद किसून नारळाच्या दुधात शिजवायची आणि पोरांना एकेकच घास यायचा, तरी दुपारपर्यंत भूक लागायची नाही. हे सगळं फोनमध्ये आलं. आपण फोनसमोर बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. कंद कसा वाढवायचा त्याच्या घराण्यातल्या गुप्त युक्त्या तेवढ्या तिने शिताफीने टाळल्या, आणि त्या टाळताना तिचा चेहरा काय झाला तेही आलं.

बाउरो म्हाताऱ्याकडे छपरात तुआए निघालं. केवड्याच्या जातीच्या फळाचा गर शिजवून, थापून, उन्हात वाळवलेला, गुळासारख्या रंगाचा पापड. "होडीतून लांब जायचं तर हेच लागतं," बाउरो म्हणाला.

"गेल्या वीस वर्षांत कुठे गेलायस तू?"

"जायचं ठरलं तर?" त्याने तुकडा मोडून दिला. "चावेल का तुला? दात आहेत?"

"पाय नाही म्हणून दातही गेले काय रे?"

तीन आठवडे हे चाललं. रेरेयाच्या तळहातांना फोड आले. गावातल्या बायका मावशीची गाडी दिसली की आधी घरात पळायच्या, मग केस विंचरून बाहेर यायच्या. आता न मागितलेलं घर नाराज व्हायला लागलं.

खरी मजा काउतूकडे झाली. काउतू दुकानदार. तांदूळ, साखर, बिस्किटं, सगळं गाव त्याच्याकडूनच नेतं. मावशीने त्याच्या दारात मागणं मागितलं आणि त्याच्या घरात पाकिटं सोडून खरोखर काही नव्हतं. त्याची बायको लाजेने आत गेली ती आलीच नाही.

"नूडल्स चालतील?" काउतूने विचारलं.

"तुझ्या आईने नूडल्स भरवले होते?"

"मावशी, उद्या देतो."

"मी बसलेय."

ती बसली. ऊन डोक्यावर आलं, माणसं जमली, दुकानातलं गिऱ्हाईक थांबलं. शेवटी काउतूने चपला काढल्या आणि परसातल्या नीरफणसाच्या झाडाला हात घातला. आठ-दहा वर्षांत तो त्या झाडावर चढला नव्हता आणि मधल्या काळात त्याचं वजन काही गप्प बसलं नव्हतं. अर्ध्यावर तो अडकला. खालून चाळीस माणसं सल्ले देत होती, त्यांतले दोन बरोबर होते. त्याने फणस तोडून खाली टाकला तेव्हा असा आरडाओरडा झाला की पाळकसाहेब प्रार्थनाघरातून धावत आले. तो फणस निखाऱ्यावर भाजला तेव्हा काउतू वाफाळता तुकडा तोंडात धरून म्हणाला, "अजून हीच चव आहे." त्याचे डोळे भरले होते. मावशीने ते अगदी जवळून टिपलं.

रेरेयाने रोज हे सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. लॅपटॉप मावशीने मागितला नव्हता, एवढी तिची कृपा. पाच मिनिटांची फिल्म कापताना रेरेया एकटीच हसायची. आपल्याला यातलं एकही वाक्य लिहिता आलं नसतं हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं.

वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मागून आणलेलं अन्न मावशी वाटून टाकत होती. बाबाई रेरेयाला, तुआए एरिताला, फणस ज्याला हवा त्याला. स्वतः भात खायची आणि चार चमचे साखरेचा चहा प्यायची. गोळ्या फक्त रविवारी, प्रार्थनेला जाताना. टाचेची जखम आता दोन नाण्यांएवढी झाली होती.

"मावशी, अख्ख्या गावाला जुनं अन्न काढायला लावलंस आणि स्वतः?"

"मी दाखवते म्हणाले होते. खाते कधी म्हणाले?" मावशी म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "एक पाय गेला की दुसऱ्याचं कौतुक राहत नाही गं. माझाच आहे. जाऊ दे."

रेरेया बाहेर जाऊन माडाला टेकून रडली. पुस्तकात यावर काही नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर भर दुपारी मानेआबात फिल्म दाखवली. काउतूने स्वतःचा मोठा टीव्ही आणला, झाडावरचा प्रसंग म्हणजे आपला पराक्रमच असल्यासारखा. या वेळी शांतपणे कुणी ऐकलं नाही. म्वेरा चिखलात उतरली तेव्हा बायका लोळल्या. काउतू अडकला तिथे फिल्म तीनदा मागे न्यावी लागली. संपल्यावर वृद्धांच्या जागेवरून बाउरो म्हणाला की ही फिल्म विद्यापीठात न्यायला गावाची परवानगी आहे, आणि पुढच्या सभेचं जेवण पाकिटातलं नसेल. यावर काउतूनेच आधी मान हलवली. लोक मावशीच्या गळ्यात फुलं घालत होते. ती आनंदाने लाल झाली होती. कुणीतरी तिच्या हातात चहाचा पेला दिला, नेहमीच्या साखरेचा.

रेरेयाने ते पाहिलं आणि ती उठली. मानेआबात तरुण बाईने असं उभं राहायचं नसतं. तिने मान खाली घालून वृद्धांकडे बोलायची परवानगी मागितली. बाउरोने हात हलवला.

"तेवाता मावशी," ती म्हणाली. "बुबुसी."

लोकांना वाटलं फोन परत मागणार, आणि ते फार वाईट दिसलं असतं. मावशीही ताठ झाली.

"तुझा उजवा पाय मला दे."

म्वेराच्या तोंडाला लागलेला पेला तसाच राहिला. मावशी भाचीकडे बघत राहिली. पाय देता येतो का, याचं उत्तर मानेआबात कुणाला माहीत नव्हतं. नाही म्हणता येत नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"पाय घेऊन काय करणार तू?" मावशीने हळूच विचारलं.

"सांभाळणार. मला तो हवाय. तू मला वाढवलंस, माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी नाही. दे."

मावशीने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून रेरेयाच्या दिशेने चटईवर ठेवला. "घे. तुझा."

रेरेया खाली बसली, तो पाय तिने मांडीवर घेतला. "आता माझ्या पायाला साखर चालत नाही, मावशी. भातही मूठभरच. आणि गोळ्या रोज."

मावशीने हातातल्या चहाकडे पाहिलं, मग कडेच्या वाळूत तो ओतून टाकला. हा प्रसंग कुणीतरी फोनवर घेतला होता, म्वेराने की एरिताने यावर गावात अजून वाद आहे. सुवाच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा तोच शेवट होता, आणि परीक्षक उभे राहिले होते. रेरेया पास झाली, पहिल्या वर्गात.

त्याला आता दोन वर्षं झाली. जखम भरायला पाच महिने लागले, पण भरली. मावशी रोज दुपारी एरिताच्या दवाखान्यात जाते, पाय पुढे करते आणि म्हणते, "नीट बघ गं. रेरेयाची वस्तू आहे, माझ्याकडे नुसती ठेवायला दिलीय."