झरीची पाळी

सेलूच्या मन्मथअप्पांचं मूळ दुकान किराण्याचं, पण छापील अक्षराचा नाद लागला आणि तेलमिठात त्यांचा जीव रमेना. छत्तीस साली त्यांनी पायानं चालवायचं जुनं छापयंत्र आणलं आणि 'कूटरंजन' मासिक काढलं. निम्मी कोडी, निम्मी गुप्तहेराची कथा. कोडी अप्पा स्वतः रचत. कथा मात्र त्यांची विधवा बहीण शांतम्मा चुलीपाशी बसून लिहायची. अंकात लेखक म्हणून 'त्र्यंबक' एवढंच छापत. विधवा बाई खुनाच्या गोष्टी लिहिते हे कळलं असतं तर गावानं तिला फाडून खाल्लं असतं. बारा वर्षं ही गोष्ट दोघांबाहेर गेली नाही.

मासिकाची एक रीत होती. दर महिन्याला कथेतला गुन्हा वेगळ्या गावात घडायचा आणि त्या गावात अंक हातोहात खपायचा. चारठाण्यात देवळामागं खून झाला, तेव्हा तिथले लोक अप्पांना पेढे घेऊन आले होते! झरीचे वाचक वर्षभर मागं लागले होते. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांची पाळी लागली आणि कथेत झरीच्या चौकीतून बंदुका पळवल्या गेल्या. रझाकारांच्या धुमाकुळात असलं काही छापू नये एवढी अक्कल अप्पांना होती, पण वाचकांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. अंक निघाला आणि नवव्या दिवशी झरीच्या चौकीतून खरोखरच बंदुका गेल्या.

पोलिसांनी अप्पांना ठाण्यात आणलं. हा त्र्यंबक कोण, एवढंच ठाण्याच्या प्रमुखाला, अमीनसाहेबांना, हवं होतं. अप्पा म्हणाले, मीच. अमीननं कागद-दौत पुढं सरकवली आणि कथेचा पुढचा भाग इथंच लिही म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत अप्पांनी दोन पानं खरडली. त्यांच्या हातात तो चलाख हेर पार ठोंब्या झाला होता. पानं तपासायला दिली ती ठाण्यातल्या किशनराव कारकुनाकडं, आणि हा किशनराव पहिल्या अंकापासूनचा वर्गणीदार. हा त्र्यंबक नव्हे, हे दोन ओळींतच त्यानं ओळखलं. त्यानं मान वर केली. अप्पांचे डोळे भरले होते आणि नजर काकुळतीला आली होती.

"ह्योच हाय, साहेब," किशनराव म्हणाला.

अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांच्या हातात बेड्या पडल्या.

बाहेर आणलं तर ओट्याशी शांतम्मा उभी. भावानं आळ अंगावर घेतल्याचं कळताच तिनं खरा भाग लिहून काढला होता आणि तोच दाखवायला ती धावत आली होती. पदराखाली कागद दिसत होते.

"दुकानाचे कागद हायेत का ते, शांते?" अप्पा शिपायांना ऐकू जाईल असं बोलले. "आता काई कामाचे न्हाईत. घरी जाऊन चुलीत घाल."

ती तोंड उघडणार होती. अप्पांनी हात जोडले, बेड्यांसकट. थोरल्या भावाचे जोडलेले हात तिला बघवेनात. ती घरी गेली आणि तिनं कागद जाळले.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि कैदी सुटायला लागले. शांतम्मा परभणीच्या तुरुंगाशी तीन दिवस बसून होती. चौथ्या दिवशी एका शिपायानं नाव विचारलं, आत गेला आणि तिच्या हातात अप्पांचा चष्मा आणून दिला.