चांगुणाबाईचं रडणं आणि 'राखुंडी'चे चाहते

कानिफनाथ घोडेगावच्या बाजारातून म्हशी पोचवणारा पिकअपवाला. गाव पाथर्डीकडचं. दिवसभर शेणामुतात राबायचा आणि गाडीत गाणी मात्र 'राखुंडी' बँडची लावायचा. हे म्हणे पोस्ट-हार्डकोर. म्हणजे काय, तर आधी हळू गुणगुणायचं आणि मग मानेच्या शिरा फुगवून बोंबलायचं. शेजारी बसलेला व्यापारी कानात बोटं घालायचा. "कानिफ, याच्यापरीस माझा रेडा सुरात रेकतो," म्हणायचा. कानिफ हसण्यावारी न्यायचा. बँडचा गायक ओम त्याचा शाळेतला दोस्त होता, त्याचाच त्याला केवढा अभिमान!

मागच्या पौषात कानिफचा बाप गेला. थोरली बहीण सविता तेव्हा ऊसतोडीला कर्नाटकात, टोळी सोडून वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. त्या भागात आता रीतच पडलीय, तोडीवर अडकलेल्या माणसासाठी घरचं रडणं मोबाईलवर घ्यायचं, म्हणजे त्याला तिकडे फडात बसून तरी रडता येतं. कानिफनंही आईचं, चांगुणाबाईचं, हेल काढून रडणं रेकॉर्ड केलं आणि सविताला धाडलं.

इथवर सगळं रीतीचं झालं. पण पुढे एकदा ओमच्या खोलीवर त्यानं तो आवाज दोस्ताला ऐकवला. मन हलकं करावं, एवढाच हेतू. ओमचे डोळे भरून आले. ते पुसून तो म्हणाला, "हे गाण्यात घेऊ?" आणि हा शहाणा हो म्हणून बसला. आईला विचारलंसुद्धा नाही.

गाणं आलं, गाजलं. एका रविवारी दुपारी नगरला मिसळीच्या हॉटेलात चाहते जमले. ओम मध्ये बसला होता, कानिफ भिंतीकडेला.

"मूड काय सेट होतो यार!" पार्थ नावाचा कॉलेजचा पोरगा म्हणाला. "ती बाई सुरू झाली की अंगावर काटा!"

"मला तर ते खोटं वाटतं," संस्कृती नावाची मुलगी म्हणाली. "'धनी, मला कुणाच्या दारी टाकून गेला?' इतकं कोण रडतं? बाई जरा जास्तच करते. खरी मजा ओमच्या ओरडण्यात आहे."

"काहीही! बाई काढली तर गाण्यात उरतं काय? मी तर रिंगटोन केलीय." पार्थनं फोन काढून वाजवला. मिसळीच्या प्लेटांवर चांगुणाबाई नवऱ्याला हाका मारू लागली. पार्थनं दुसऱ्या हातानं तर्री मागितली.

कानिफनं पुढ्यातली प्लेट बाजूला सारली. शेणाचा वास अंगात मुरलेला गडी, पण अशी घाण त्यानं कधी बघितली नव्हती. तो उठला.

"बंद कर ते. माझी आई हाय ती. बाप मेल्ता तवाचं रडनं हाय."

संस्कृतीनं चमचा खाली ठेवला. "सॉरी दादा," ती पुटपुटली.

पार्थचे डोळे मात्र चमकले. "म्हणजे ओरिजिनल? ओम, हे गाण्याखाली लिही ना, लोक वेडे होतील! दादा, पुढच्या शोला आईंना आणाल?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ती, तिला कसली शरम! कानिफ ओमकडे वळला. "आत्ताच्या आत्ता काढून टाक."

ओमनं नजर चुकवली. "कानिफ, तूच दिलं होतंस ना. आता पन्नास हजार लोकांनी ऐकलंय रे."

कानिफ बाहेर आला आणि गटारीशी वाकून ओकला. आता आईला सांगणं भाग होतं. बाहेरून तिच्या कानावर गेलं असतं, तर तिनं पुन्हा त्याच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नसतं. आवाज दिला, विचारलं नाही, हे तो पायावर डोकं ठेवून सांगणार होता. पण पार्थ अंगावर काटा येतो म्हणाला, तेव्हा क्षणभर आपलीही छाती फुगली होती, हे मात्र तिला सांगायला त्याची जीभ उचलणार नव्हती.