बजरंगच्या पायाचा सौदा

काष्टीच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. जेवढी बोटं, तेवढा आकडा. पाचाच्या वर जायचं तर आधी अख्खा पंजा दाबायचा, मग उरलेली बोटं. बजरंगचं आयुष्य या रुमालाखाली गेलं. सहा दाती बैल तो चार दाती, म्हणजे वयानं लहान, म्हणून खपवतो, तेही डोळ्याला डोळा भिडवून. तरी लोक त्याच्याकडेच जातात. फसायचंच तर गोड बोलणाऱ्याकडून फसावं, असा हिशेब असावा.

दुसऱ्याच्या बैलाचा खूर उचलून बघणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पायाकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. खोंडानं अंगठ्यावर पाय दिला, दुखलं नाही, म्हणून हा खूश. शुगर आणि बिड्यांनी पाऊल कधीच बधिर करून ठेवलं होतं. अंगठा काळा पडला तेव्हा यानं पायमोजा चढवला. पायमोज्यावर चप्पल घातलेला दलाल बाजारानं प्रथमच पाहिला. शेवटी घरात वास सुटला आणि बायकोनं, दगडाबाईनं, मोजा ओढून काढला.

दोन दवाखान्यांनी गुडघ्याखाली पाय कापायला सांगितला. दगडाबाईचंही तेच म्हणणं होतं. पाय जाऊ दे, माणूस राहू दे. बजरंग ऐकेना, म्हणून तिसरा दवाखाना झाला, नगरला सावेडीतला. तिथल्या डॉक्टर अनन्या यांनी पाय तपासला.

"काका, रक्त खाली नेणाऱ्या धमन्या पार बुजल्यात. फुगा घालून उघडाव्यात, तर पावलात तेवढीही जागा उरली नाही. पण रक्त परत वर आणणाऱ्या शिरा चांगल्या आहेत. मोठी चिरफाड न करता, सुईच्या भोकातून तार घालून पोटरीत धमनी शिरेला जोडता येते. मग चांगलं रक्त शिरेतून उलटं पावलात उतरेल."

"पान्याची चारी बुजली म्हनून निचऱ्याच्या चरातनं उलटं पानी वावरात घ्यायचं," बजरंग म्हणाला.

"तसंच. पण लागू पडलं नाही आणि तोवर सडणं वर चढलं, तर गुडघाही जाईल."

लागू पडायची आशा किती, हे डॉक्टर दगडाबाईसमोर सांगेनात. बजरंगनं गळ्यातला रुमाल काढून हातावर टाकला.

"दहात किती, तेवढी बोटं धरा. पाचाच्या वर असंल तर आधी पंजा दाबा."

बाईमाणसाशी त्यानं असा सौदा कधी केला नव्हता. डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या, मग त्यांनी रुमालाखाली हात घातला.

बाहेर आल्यावर दगडाबाईनं विचारलं, "किती?"

"आठ," बजरंग भिंतीकडे बघत म्हणाला.

तिनं त्याच्या हातातला रुमाल घेऊन परत त्याच्या गळ्यात घातला. मग म्हणाली, "करा मग."

ऑपरेशन झालं. पाऊल सुजलं, लाल झालं, पण कितीतरी दिवसांनी हाताला ऊबदार लागलं. दगडाबाई पलंगाशी बसून त्यावर तळवा ठेवी, काढी, पुन्हा ठेवी. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. जखम भरायला फार दिवस लागले, पण भरली. बिडी सुटली. बजरंग लंगडत बाजारात गेला आणि पहिल्याच दिवशी एकाला सहा दाती बैल चार दाती म्हणून दिला.

त्या दिवशी घरी जेवताना तो एकदम म्हणाला, "तीनच हुती गं."

"ठावं हाय. आठाला रुमाल दोनदा हालतो. त्यो एकदाच हालला."

बजरंगचा घास हातातच राहिला. "मग व्हय का म्हनलीस?"

दगडाबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

"गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना तुमची नजर हालत न्हाई. माझ्याशी बोलताना भित्तीकडं बघत हुता. पाय तुमाला किती पायजे हाय, ते तवा कळलं. लई भ्याले मी. पन मग तीन काय आन् आठ काय."