दाराशी काढलेल्या चपला

अंजनगाव सुर्जीला ठाणेदार असतानाचं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होती. बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका बाईला लोकांनी धरून मारलं. खबर मिळताच आम्ही तिला सोडवून ठाण्यात आणलं. भीतीनं तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाहेर जमाव तिला ताब्यात मागत होता.

प्रत्येकाकडे पुरावा म्हणून एकच फोटो होता. खांद्यावर लहान मूल घेतलेली तीच बाई, मागे हिरवी झाडी, खाली ओळ : ‘पोर चोरून पळताना’. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर मागे जात आम्ही अकोल्याच्या एका माणसापर्यंत पोचलो. तिथल्या पोलिसांनी त्याला बसवलं, मी फोनवरच चौकशी केली. आधी नाही म्हणाला, मग कबूल झाला. ओळ त्याचीच होती.

“मी तं लोकायले सावध करून राहिलो होतो, साहेब.”

फोटो मुळात कोणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. माग तिथंच तुटला.

क्वार्टर ठाण्यामागेच होतं. पाणी प्यायला गेलो, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तोच फोटो पत्नीकडे आलेला. ती अंजनगावचीच, शाळेत शिक्षिका. चष्मा लावून तिनं तो मोठा करून पाहिला.

“हे बाई पळून नाही राहिली. चपला पाहा न, मागं मळ्याच्या दाराशी जोडून ठेवल्या हायेत. हे झाडी म्हंजे विड्याच्या पानाचा मळा हाये; पानमळा पवित्र मानतेत, आत कोनी चपला घालून जात नाही.” मग माझ्याकडे पाहत म्हणाली, “ठाणेदारसाहेब, इतके फोन पाहिले, अन् फोटो नाही पाहिला?”

जमादार पानमळ्यांवर फिरले. संध्याकाळच्या आत एक मळेवाला नातीला कडेवर घेऊन ठाण्यात आला.

“फोटो माह्याच हातचा. पोरगी दातानं रडत होती, या बाईनं उगी केली. मी घरच्या ग्रुपवर टाकला होता.”

जमावासमोर पोरगी आपणहून बाईकडे झेपावली. बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

“दात आला का हिचा?”

लोक मान खाली घालून पांगले. मारणाऱ्यांवर आणि ओळ लिहिणाऱ्यावर आम्ही गुन्हे दाखल केले.

घटनास्थळ आधी नीट पाहावं, हे मी नव्या शिपायांना नेहमी शिकवत असे. मोबाइलवरचा फोटोही घटनास्थळच असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पत्नीला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या फोनमध्ये तो फोटो अजून आहे. अधूनमधून उघडतो, आधी चपला पाहतो, आणि तिचा तो टोमणा आठवून हसू येतं.