माघीने काढलेला आठ पायांचा घोडा

जामसरच्या पाड्यांवर कुठे लग्न ठरलं, की पहिला निरोप माघीकडे यायचा. वारल्यांच्या घरात भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा मान सुवासिनींचा, आणि त्यांच्यात माघीचा हात सगळ्यांत सरस. मधली पालघट देवी बाकीच्या बायका लिहीत, पण शेजारच्या चौकटीतला पाचशिऱ्या देवाचा घोडा माघीवर सोडत. तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून ती दोन तिकोन टोकाला टोक लावून जोडायची, मान काढायची, की घोडा आता निघेल असा दिसायचा.

मग एका दिवाळीनंतर तिचा नवरा पुंजा वसईकडे बांधकामावर गेला आणि तिथे तापाने पडला. माघीला कळलं तोवर त्याला चादरीत गुंडाळून जीपमधून दारात आणलं होतं. आपण त्याला शेवटचा पाण्याचा घोटही पाजला नाही, हे तिच्या मनाला लागून राहिलं.

पुढच्या लग्नसराईत निरोप आला नाही. कुणी वाकडं बोललं नाही. रीतच तशी होती, आणि माघीनेही ती जन्मभर पाळली होती. तिची धाकटी जाऊ गंगी हिच्या घरी थोरल्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा आत बायका चौक लिहीत होत्या आणि माघी मागच्या पडवीत तांदूळ पाखडत बसली होती.

मोखाड्याच्या वाटेवर एक आश्रमशाळा आहे. तिथल्या शिक्षिका प्रगतीबाई एकदा घर विचारत आल्या. वाचनाच्या खोलीत त्यांना जगभरच्या गोष्टींतले घोडे काढून हवे होते. माघीने सरळ नकार दिला. घोडा देवाचा, आता तो आपल्या हातून व्हायचा नाही, म्हणाली. हे घोडे लग्नाचे नाहीत, लांबच्या लोकांच्या कहाण्यांतले आहेत, असं बाईंनी समजावलं. त्यावर माघीने अट घातली, की आधी कहाणी सांगायची. घोडा कोणाचा, निघालाय कुठे, हे कळल्याशिवाय तिचा हात चालत नसे.

बाई सांगत गेल्या, माघी गेरूने सारवल्यासारख्या लाल भिंतीवर लिहीत गेली. समुद्र घुसळताना वर आलेला सात तोंडांचा उच्चैःश्रवा झाला. ग्रीकांचा पंखांचा घोडा झाला. त्याच्या खुराने डोंगरात झरा फुटला, हे तिला फार आवडलं. त्या झऱ्यावर तिने पाण्याला आलेल्या बायका लिहिल्या.

शेवटी उत्तरेच्या बर्फाळ मुलखातला आठ पायांचा घोडा आला. तिथल्या देवाचा लाडका मुलगा मेला. त्याचा भाऊ या घोड्यावर बसून मेलेल्यांच्या गावी गेला. गावाचं उंच फाटक घोड्याने एका उडीत ओलांडलं. भाऊ मेलेल्या भावाजवळ रात्रभर बसला, पण तिथल्यांनी त्याला काही सोडलं नाही. घोडा एकट्या भावाला घेऊन परत आला.

माघीने काडी खाली ठेवली.

"म्हंजे भेट झाली," ती म्हणाली.

"झाली. पण आणता नाही आलं."

"भेट झाली ना, बाई."

काडी उचलून तिने पुन्हा पिठात बुडवली. मग तिने घोडा लिहायला घेतला. आठही पाय हवेत, पोटाखाली फाटक. पलीकडे एक माणूस बसलेला, कमरेला कोयता. घोड्यावरच्या स्वाराला तिने डोक्यामागे गोल अंबाडा काढला. चौकात असा अंबाडा फक्त बाईला असतो, हे प्रगतीबाईंना ठाऊक होतं. कहाणीत तर भाऊ गेला होता, असं त्या हळूच म्हणाल्या.

"इथं मी गेले," माघी म्हणाली, आणि घोड्याची शेपटी पुरी केली.

त्या दिवशी घरी येताना ती वाटेत रडली. पुंजा गेल्यावर ती इतकी मोकळी कधी रडली नव्हती.

पुढे गंगीच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. घोडा नीट लिहिणारं कुणी नाही, रीत बाजूला ठेवू, तूच लिही, असं गंगी स्वतः सांगायला आली. माघीला बरं वाटलं, पण तिने गंगीच्या सुनेला, पुष्पाला, बोलावून घेतलं. घराच्या मागच्या भिंतीवर तिच्याकडून घोडे लिहून घेतले, पुसायला लावले, पुन्हा लिहून घेतले.

चौकातला घोडा पुष्पानेच लिहिला. माघीला त्याची मान जरा आखूड वाटली. तिने ती तशीच राहू दिली. मांडवात बायका नाचायला उठल्या होत्या, त्यांच्यात ती गेली.